पायथ्याला झोपा, पहाटे चढा

डोंगरात जाणाऱ्या आणि आपल्या मुलाबाळांना डोंगरात पाठवणाऱ्या सगळ्यांना एक कळकळीची विनंती आहे. शनिवारी रात्री निघू नका. शनिवारी दुपारी निघा, दिवेलागणीला पायथ्याच्या गावात पोहोचा, तिथेच जेवा, तिथेच झोपा. रविवारी फटफटायला लागलं की चढायला सुरुवात करा आणि ऊन तापायच्या आत उतरणीला लागा. एवढी एक गोष्ट मनावर घेतलीत तर डोंगरातले बरेचसे धोके टळतात, खर्च वाढत नाही आणि त्या गावाच्या पदरातही चार पैसे पडतात.

सध्याची रीत याच्या नेमकी उलटी आहे. शनिवारी दिवसभर कामं उरकायची, रात्री अकरा-साडेअकराला ठरलेल्या चौकातून बस पकडायची, गाण्यांच्या भेंड्यांत दोन वाजवायचे आणि पहाटे तीनला कुठल्यातरी वाडीत उतरून हेडटॉर्च लावून चालू पडायचं. कळसूबाईचंच बघा. १,६४६ मीटर उंचीचं हे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. बारी गावातून वर जाणारी वाट मळलेली आहे, अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत, त्यामुळे नवखी माणसंही बिनधास्त येतात. जोडून सुट्टी आली की सूर्योदय गाठायच्या घाईने सगळा जथा एकाच वेळी त्या शिड्यांखाली येऊन तुंबतो. अंधार असतो, पायऱ्या ओल्या असतात, मागचे रेटत असतात, आणि चढणाऱ्याच्या डोळ्यांवर रात्रभराची झोप असते. पावसाळ्यात तर इतका आटापिटा करून वर गेल्यावर सूर्याऐवजी नुसतं धुकं भेटतं.

या सगळ्यात एका माणसाचा विचार कुणीच करत नाही. तो म्हणजे ड्रायव्हर. शनिवारी रात्रभर तो गाडी चालवतो, रविवारी तापलेल्या गाडीत सीटवर कसाबसा पडतो आणि संध्याकाळी तुम्हाला घेऊन पुन्हा घाट उतरतो. मागे सगळे गाढ झोपलेले असतात, म्हणजे त्याच्याशी बोलत बसायलाही कुणी नाही. स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांचं तर आणखी कठीण, कारण तिथे गाडी चालवणारा आणि डोंगर चढून आलेला माणूस एकच असतो. गडाची चढाई अवघड आहे का, असं आपण दहादा विचारतो. परतीच्या रस्त्यावर स्टिअरिंगमागे बसणारा माणूस शेवटचा कधी झोपला होता, हे विचारायचं मात्र राहून जातं.

झोप न झालेल्या माणसाला चढताना दम लागतो, ते त्याला कळतं. उतरताना पाय चुकणार आहे हे मात्र पाय चुकल्यावरच कळतं. आपल्या सह्याद्रीत जास्त जपायचं ते उतरतानाच. पावसाळ्यात कातळावर शेवाळ धरलेलं असतं. दिवाळीनंतर वाळक्या गवताखाली सुटी माती आणि बारीक खडे असतात, त्या घसाऱ्यावर चांगले बूटही टिकत नाहीत. अशा ठिकाणी डोकं ताजं हवं, गुडघे ताजे हवेत आणि हाताशी भरपूर उजेड हवा. पायथ्याला झोपलेल्या माणसाकडे या तिन्ही गोष्टी असतात.

मग पायथ्याला राहायचं कुठे? राजमाचीला जाणारे लोक कित्येक वर्षांपासून उधेवाडीत राहत आले आहेत. श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांच्या कुशीतलं हे गाव. तिथे घरोघरी जेवणाची आणि झोपायची सोय होते. हरिश्चंद्रगडासाठी पाचनई किंवा खिरेश्वर, कळसूबाईसाठी बारी, राजगडासाठी गुंजवणे. नेहमीच्या बहुतेक डोंगरांखाली आता राहण्याजेवण्याची घरगुती सोय आहे. अट एकच, आधी फोन करायचा. गुरुवारपर्यंत फोन करा. माणसं किती, त्यात बायका किती, जेवण शाकाहारी की मांसाहारी, पोहोचणार किती वाजता, हे नीट सांगा. संडास-बाथरूमची सोय विचारा. विचारताना संकोच करू नका, कारण पोरीबाळींच्या निम्म्या अडचणी त्या एका प्रश्नाने सुटतात. ताटाचा आणि मुक्कामाचा दर फोनवरच ठरवा आणि तिथे गेल्यावर घासाघीस करू नका. रोख पैसे आणि सुट्टे बरोबर ठेवा. रेंज नसली की मोबाइलवरून पैसे जात नाहीत, आणि त्या माउलीला तुमच्या फोनची रेंज यायची वाट बघत ताटकळत ठेवणं बरं नव्हे.

संध्याकाळी वेळेत पोहोचण्याचा मोठा फायदा जेवणाहूनही वेगळा आहे. पाचनईसारख्या गावात सहाच्या सुमारास पोहोचलात की सारवलेल्या अंगणात सतरंजी पडते, आतून भाकरी थापल्याचा आवाज येत असतो आणि घरातले मामा गुरं बांधून ओसरीवर येऊन टेकतात. तेव्हा त्यांना विचारायचं, "मामा, वर पाणी आहे का?"

"पानी हाय. पन उघड्या कुंडातलं पिऊ नका. टाक्यातलं घ्या, ते बी उकळून."

"आणि वाटेतला ओढा?"

"आज दुपारपासून वर लई झोडपलंय. सकाळी मी येतो ओढ्यापर्यंत. बघू, मग ठरवा."

हे दोन वाक्यांचं ज्ञान कुठल्याही नकाशात नसतं आणि पहाटे तीनला बसमधून उतरणाऱ्याला ते मिळत नाही, कारण तेव्हा मामा झोपलेले असतात. त्या डोंगरावर आज काय चाललंय हे गावाला माहीत असतं. वरच्या वाटेवर कुठे दरड आलीय, कुठल्या कड्याला मधमाश्या बसल्यात, कुठली वाट गवतात बुडालीय, हे सगळं संध्याकाळच्या गप्पांत कळतं. मामा "नका जाऊ" म्हणाले तर जाऊ नका. वाट नवीन असेल, पाऊस असेल किंवा बरोबर लहान मुलं असतील तर गावातलाच वाटाड्या घ्या आणि त्याची मजुरी मनापासून द्या.

गडावरच तंबू ठोकून राहायची हौस पुष्कळांना असते. ती हौस मी समजू शकतो, पण आता तिला मुरड घालायला हवी. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यातले ११ महाराष्ट्रातले आहेत. राजगड, लोहगड, साल्हेर, शिवनेरी हे आपले नेहमीचे ट्रेकचे गड त्या यादीत आहेत. संरक्षित गडांवर, तसंच अभयारण्यात परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही. पण नियम बाजूला ठेवून नुसती माणसं मोजली तरी पटेल. एका माचीवर एका रात्रीत शंभर माणसं राहिली तर त्यांची शी-शू कुठे होणार? खरकटं कुठे जाणार? टाक्यात भांडी कोण बुडवणार? जे टाकं शतकानुशतकं गडाला पाणी पाजत आलं, ते आपण एका हंगामात नासवतो. झोपायला पायथा आहे. गड दिवसाउजेडी बघा. तटबंदी, चोरदरवाजे, टाकी, माच्या उजेडातच नीट समजतात.

आता रविवारच्या सकाळचं गणित. स्कॉटलंडमधले गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये एक सोपा हिशोब मांडला: सपाटीवर दर ५ किलोमीटरला एक तास आणि चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. हा हिशोब सरावलेल्या, झपझप चालणाऱ्या माणसाचा आहे. आपल्याकडची दमट हवा, पाठीवरची सॅक आणि बरोबरची नवखी मंडळी लक्षात घेता तो सरळ दुप्पट धरा. कळसूबाईला बारीतून वर पोहोचायला नवख्यांना तीन-चार तास लागतात. साडेपाचला निघालात तर साडेनवापर्यंत माथा यायला हवा.

निघण्यापूर्वी सगळ्यांच्या देखत परतीची वेळ ठरवा. समजा, दहा वाजता असू तिथून मागे फिरायचं. माथा दहा मिनिटांवर दिसत असला तरी मागे फिरायचं. कारण त्या दहा मिनिटांचा वर अर्धा तास होतो, मग फोटोंचा अर्धा तास, आणि मग बारा-एकच्या उन्हात पाणी संपलेल्या अवस्थेत उतरायची पाळी येते. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो आणि झाडीत, घळीत त्याच्याही आधी दिसेनासं होतं. तेव्हा दुपारी दोनला निवांत वाटणारी माणसं साडेपाचला वाटेवर धावायला लागतात. डोंगरात धावणं म्हणजे अपघाताला बोलावणं.

सॅकमध्ये काय हवं ते थोडक्यात सांगतो. माणशी तीन लिटर पाणी, मार्च ते मे आणि ऑक्टोबरच्या उन्हात त्याहून जास्त. मीठ-साखर: एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, असं पाणी थोडं थोडं पीत राहिलं तर पायात गोळे येणं पुष्कळ टळतं. टोपी, शिट्टी, क्रेप बँडेज, नेहमीची औषधं, रेनकोट किंवा विंडचीटर. दिवसाचा ट्रेक असला तरी प्रत्येकाकडे टॉर्च हवा. मोबाइलचा उजेड टॉर्च म्हणून धरू नका, ती बॅटरी फोन करायला लागेल. जीन्स घालू नका, भिजली की जड होते आणि अंगावर वाळत नाही. बूट नवे कोरे असतील तर ते ट्रेकला पहिल्यांदा घालू नका, आधी आठ-दहा दिवस रोजच्या चालण्यात वापरा.

वाट चुकली असं वाटलं की पुढे रेटू नका. सह्याद्रीत ढोरवाटा भरपूर. गुरं चरायला जातात त्या वाटा माणसाच्या वाटेसारख्याच मळलेल्या दिसतात आणि मग कड्याच्या टोकाला जाऊन विरतात. शेवटची खात्रीची खूण जिथे दिसली होती तिथपर्यंत आल्या पावली मागे जा. ओढ्याच्या पात्राने खाली उतरलं की गाव येईलच, असं डोक्यात आणू नका. आपले ओढे वाटेत कड्यावरून उडी घेतात, माणसाला तिथून ना खाली जाता येतं ना वर. सगळे एकत्र थांबा, शिट्टी वाजवा. तिघाचौघांनी चार दिशांना वाट शोधायला जाणं हा सगळ्यात घातक उपाय.

पावसाळ्याबद्दल दोन शब्द जास्त बोलले पाहिजेत, कारण आपली सगळी गर्दी पावसाळ्यातच उसळते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. ती पाण्याच्या मधोमध एकमेकांना धरून उभी होती, तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिला. पाणी असंच वाढतं. तुमच्या डोक्यावर थेंब नसतो आणि वर डोंगरमाथ्यावर पाऊस कोसळत असतो. पाणी गढूळ व्हायला लागलं, त्यात काटक्या-पाचोळा वाहत यायला लागला, घरघर वाढली, की त्याच क्षणी काठावर या. ओढ्याचं पाणी गुडघ्याच्या वर आणि ओढ असलेलं दिसलं तर ओलांडू नका. पलीकडे अडकलात तर तिथेच थांबा. डोंगरातला ओढा चढतो तसा काही तासांत उतरतोही. हवामान खात्याने रेड अलर्ट दिला असेल तर ट्रेक रद्द करा, पायथ्याचा मुक्कामसुद्धा. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाखालची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. वर गाडीरस्ता नव्हता, मदत करणारे भर पावसात पायी चढून गेले. आपण ज्या गावांत भाकरी खातो ती गावं त्याच डोंगराच्या भरवशावर उभी आहेत. अशा वेळी त्यांच्यावर आपला भार टाकू नये.

तंबूतच राहायचं असेल तर गावकऱ्यांनी दाखवलेल्या, परवानगीच्या जागेवर राहा. ओढ्याच्या पात्रात किंवा धरणाच्या काठाला अगदी लागून तंबू लावू नका. एकट्या उंच झाडाखाली आणि उघड्या धारेवर लावू नका, वीज तिथेच आधी पडते. तंबू लावला की चेन कायम बंद ठेवा. मण्यार रात्रीची फिरते, तिचा दंश झोपेत अनेकदा जाणवतही नाही. फुरसं दगडांखाली दडलेलं असतं, म्हणून दगड हाताने उचलू नका आणि सकाळी बूट झटकून घाला. थंडी कितीही असली तरी बंद तंबूत शेगडी किंवा निखारे ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस जागाच होत नाही. शेकोटीचा हट्ट सोडा. फेब्रुवारीनंतर डोंगर वाळलेला असतो, एक ठिणगी उडाली की वणवा लागतो आणि राखीव जंगलात आग पेटवणं हा गुन्हाही आहे. स्पीकर घरी ठेवा. त्या गावातली माणसं पहाटे उठून कामाला लागणारी असतात.

साप चावला तर माणसाला शांत बसवा, चावलेला अवयव हलू देऊ नका, अंगठी-कडं काढून घ्या. कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. त्याला चालवू नका, उचलून थेट प्रतिविष मिळेल अशा दवाखान्यात न्या. असा जवळचा दवाखाना कुठला, हे शनिवारी संध्याकाळीच गावात विचारून ठेवा. मधमाश्यांचं एकच सूत्र: कड्याखाली आग्यामोहोळ दिसलं की आवाज नाही, धूर नाही, दगड नाही, अंगावर अत्तर नाही.

निघताना घरच्या एका माणसाला लिहून कळवा: कुठला डोंगर, कुठल्या वाटेने, बरोबर कोण, परत यायची वेळ काय. अडचण आली तर ११२ लावा. आपल्या सिमला रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीचं जाळं असेल तर हा फोन बहुधा लागतो. अॅम्ब्युलन्ससाठी १०८. दरीतून माणसं काढायला येतात ती शिवदुर्ग मित्र, लोणावळा यांच्यासारख्या संस्थांची माणसं. तीही तुमच्याआमच्यासारखी नोकरी-धंदा करणारी, स्वतःहून येणारी. त्यांना रात्रीबेरात्री दोर घेऊन धावायला लावू नये, एवढी जाण तरी आपल्याला हवी.

कचऱ्याचं वेगळं काही सांगत नाही. नेलेलं प्रत्येक पाकीट परत आणा, गावातसुद्धा टाकू नका, कारण तिथे घंटागाडी येत नाही. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून बंद पिशवीत परत न्या. शौचाला जावं लागलं तर पाण्यापासून निदान ६० मीटर लांब, वीतभर खड्डा खणून जा आणि माती ओढा.

पैसे घेऊन ट्रेक नेणाऱ्यांना पालकांनी आणि सभासदांनी चार प्रश्न विचारावेत. बरोबर येणारा लीडर या मोसमात ही वाट चालला आहे का? सगळ्यात शेवटी कोण चालणार? परतीची वेळ काय ठरली आहे? आणि ड्रायव्हर रात्री झोपणार कुठे? ज्याच्याकडे उत्तरं तयार आहेत तो मनापासून सांगेल. जो टोलवाटोलवी करेल त्याच्याबरोबर जाऊ नका, मग फी कितीही कमी असो.

तेव्हा पुढच्या खेपेला ग्रुपवर ट्रेकचा मेसेज आला की पैसे भरण्याआधी एकच विचारा: शनिवारी रात्री झोपायचं कुठे? उत्तर "बसमध्ये" असं आलं तर सरळ नाही म्हणा, आणि का नाही म्हणताय तेही तिथेच सगळ्यांना दिसेल असं लिहा. प्रत्येक ग्रुपमध्ये चार जणांनी असं नाही म्हटलं, तर रात्री अकराची बस दुपारी दोनला सुटायला लागेल.